हात दिसत राहिले पाहिजेत

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मध्येच कोणी "जरा शांतपणे सांगा" म्हणायला नको. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर मी उभा जन्म काढला. लोक यायचे, काचेवर हात आपटायचे, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि मी मुकाट ऐकून घ्यायची. तिथे गिळलेला सगळा राग मी निवृत्त होताना पिशवीत भरून घरी आणला, असं आमचे चिरंजीव म्हणतात. म्हणू देत. या बाबतीत माझा राग शंभर टक्के बरोबर होता आणि अजूनही आहे.

गोष्ट माझ्या सुनेची. ती एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. पेशंटची नावं पुकारायची, वेळा द्यायच्या, फोन घ्यायचे. पडद्यामागे लोकांचे आखडलेले खांदे नि गुडघे मोकळे होताना बघून बघून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला, की हे काम आपल्याला यायला हवं. दवाखान्याच्या डॉक्टरबाई भल्या बाई. म्हणाल्या, सहायकाच्या प्रशिक्षणाला एक जागा तुझ्यासाठी धरून ठेवते, पण शरीरशास्त्राचा कॉलेजचा कोर्स आधी पास होऊन ये. आणि यंदाच ये. यंदा नाही जमलं तर जागा दुसरीला जाईल, माझा नाइलाज आहे.

नोकरी सोडून कॉलेजात जाणं शक्य नव्हतं, म्हणून ऑनलाइन. म्हणजे कॉलेज कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही, इमारत कोणी पाहिलेली नाही, पण फी मात्र बरोबर पोचते. रोज दवाखान्यातून आली की हात-पाय धुवायची, बैठकीच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावायची आणि लॅपटॉप उघडून बसायची. एक चष्मेवाले सर पडद्यावर हाडांची नावं सांगायचे. ते सर आधीच कधीतरी बोलून ठेवलेले होते, जिवंत नव्हे. त्यांना शंका विचारायची सोय नाही. मी एकदा विचारून बघितलं, तर सूनबाई हसून लोटपोट झाली.

पण तिच्या डोक्यात काही केल्या ती नावं राहीनात. ती एकतर लॅटिन की कुठली, उच्चारताना जिभेला गाठ पडावी अशी. आकृत्या बघायची, पाठ करायची, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. एकदा टेबलावर डोकं टेकून बसली होती. मी विचारलं, काय झालं गं. तर म्हणाली, "आई, चित्रातला माणूस सपाट आहे हो. त्याला कुठूनही पकडता येत नाही."

मी म्हटलं, "मग जिवंत माणूस घे की. घरात दोन आहेत."

हे मी बोलायला नको होतं. नवरा गोदामात दिवसभर खोकी उचलून आलेला. त्याला हात लावला की तो घोरायला लागायचा. मग राहिले कोण? मी. दुसऱ्या दिवसापासून माझ्या अंगाची शाळा भरली. "आई, जरा पाठ इकडे करा. आई, हात वर. आई, मान खाली." माझी मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक मणका वर येतो, तो म्हणे सातवा. तिथून मोजायला सुरुवात. खांद्याचा फरा कुठे संपतो, त्याच्या टोकाशी कितवी बरगडी, सगळं बोटांनी चाचपून. वर तारीफ काय, तर "आई, तुमच्या अंगावर मांसच नाही ना, त्यामुळे सगळं कसं स्पष्ट लागतं हाताला." सुनेने सासूला असं म्हणायचं असतं का? पण तिच्या तोंडावरचा आनंद असा काही असायचा, की मी आपली गप्प.

ती रंगीत चिकटपट्ट्यांचे तुकडे करून त्यावर नावं लिहायची आणि मला चिकटवायची. एकदा दारात कुरिअरवाला आला, मी सही केली, पार्सल घेतलं, आणि तो निघता निघता म्हणाला, "आजी, कपाळावर काहीतरी लागलंय." बघते तर "फ्रंटल" लिहिलेली पट्टी. चिरंजीव म्हणायचे, आपल्या घरात माणसं राहतात की नकाशे? मी त्यालाही झापलं. म्हटलं, तू आपल्या बायकोला कधी एवढ्या लक्षपूर्वक हात लावलास तर नशीब म्हणायचं. तो लाल झाला आणि आंघोळीला पळाला.

आता एक गोष्ट सांगते, ती त्या दोघांना कधी सांगितलेली नाही. आमचे हे गेल्यापासून मला कोणी हात लावलेला नव्हता. म्हणजे नमस्काराला वाकलं, रस्ता ओलांडताना दंड धरला, तेवढंच. आणि ही पोर रोज माझं मनगट हातात घेऊन त्यातली छोटी छोटी हाडं शोधत बसायची, जसं काही त्यात जगातलं सगळ्यात मोठं गुपित आहे. मला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. तोंडाने मी कुरकुर करायची, "आटप गं, चहा व्हायचाय," पण हात काढून घेतला नाही कधी.

हळूहळू तिला यायला लागलं. तिची रीत अशी बसली, की नाव आठवायचं तर आधी जागेला हात लावायचा. गळ्याशी बोट गेलं की गळ्याच्या हाडाचं नाव जिभेवर. घोट्याला हात लावला की बाहेरच्या टेंगळाचं हाड कुठलं ते तोंडातून बाहेर. तळहात उताणा करायचा, पालथा करायचा, आणि हाताची दोन लांब हाडं एकमेकांवरून कशी जातात ते सांगायचं. माझं अंग जवळ नसेल तेव्हा स्वतःचं वापरायची. बसथांब्यावर उभी राहून स्वतःच्या बरगड्या मोजायची. लोक बघायचे. मला तर वाटायचं, हिच्या बोटांच्या टोकांनाच आता सगळं पाठ झालंय.

मग परीक्षा आली.

परीक्षा घरीच, त्याच टेबलावर. पण त्याआधी लॅपटॉपमध्ये एक पहारेकरी बसवावा लागला. माणूस नव्हे, प्रोग्राम. तो कॅमेऱ्यातून बघत राहतो आणि हालचाल खटकली की नोंद करतो. सुरुवातीला त्याला खोली दाखवायची. बिचारी लॅपटॉप उचलून गोल फिरली. भिंती दाखवल्या, टेबलाखाली दाखवलं, पलंगाखाली दाखवलं. आमच्या पलंगाखालची धूळ आम्ही पाहुण्यांनाही कधी दिसू दिली नाही, ती त्याने पाहिली. मग केस मागे करून दोन्ही कान दाखवायचे. बाह्या वर करून मनगटं दाखवायची. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. एवढी झडती तर चोराचीही घेत नाहीत. पण ती म्हणाली, "आई, नियम आहे. सगळ्यांनाच आहे. तुम्ही आता दार लावून घ्या." नियमांची यादीही भली लांबलचक होती: खोलीत दुसरं कोणी नको, नजर पडद्यावर, हात दिसत राहिले पाहिजेत. मी दार लावून घेतलं.

बाहेर आली ती नाचतच. मला मिठी मारली. "आई, सगळं आलं! सगळं! एकही प्रश्न सोडला नाही." आम्ही दोघींनी चहा केला आणि चिरंजीवांना फोन करून येताना आइस्क्रीम आणायला सांगितलं.

निकालाच्या दिवशी निकाल नाही, मेल आली. निकाल राखून ठेवण्यात आला आहे. परीक्षेदरम्यान संशयास्पद हालचाली आढळल्या आहेत. विद्यार्थिनीने अनधिकृत साहित्याचा वापर केल्याचा संशय आहे.

तिने मला ती वाचून दाखवली. मी म्हटलं, "कसलं साहित्य? तू तर नुसती बसली होतीस." हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला, आणि मग तिचा उजवा हात आपोआप गळ्याशी गेला. गेला, आणि तिथेच थांबला. तिच्या लक्षात आलं, आणि माझ्याही.

"अगं बाई," मी म्हटलं.

"आई, मला कळलंच नाही हो. प्रश्न वाचला की हात जायचा. मी काही मुद्दाम नाही..."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. शरीराची परीक्षा, आणि शरीराला हात लावला म्हणून चोरी! स्वतःच्या! दुसऱ्याच्या नव्हे! गणिताच्या परीक्षेत पोरं बोटांवर मोजतात, त्यांची बोटं कापून ठेवता का परीक्षेआधी?

चिरंजीव आले, त्यांनी मेल वाचली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "तू पण ना. कशाला उगीच हात लावत बसलीस? हात दिसले पाहिजेत असं लिहिलं होतं ना?"

मी हातातलं भांडं इतक्या जोरात आपटलं, की शेजारचे बाहेर आले. म्हटलं, "पहारेकऱ्याने बायकोला चोर म्हटलं आणि तू आधी बायकोलाच जाब विचारतोस? शाब्बास! माझ्या पोटी जन्मलास खरा, पण कुणावर गेलास देव जाणे." तो म्हणाला, आई, तू जरा गप्प बस. सूनबाई म्हणाली, दोघंही गप्प बसा. आम्ही बसलो.

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मदत केंद्राला लिहिलं. माझा हातखंडा आहे तक्रारीत. तारीख, विषय, मुद्दे, सगळं मुद्देसूद. टाइप करून बोट उचलतेय तोच उत्तर हजर: "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे." मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मी विचारलं, तू माणूस आहेस का? तर म्हणे, "मी आपली डिजिटल मदतनीस आहे, आज मी आपली काय मदत करू?" अरे, आम्हीही लोकांना टोलवलं असेल, पण निदान काचेमागे आमचं थोबाड तरी होतं. ज्याला थुंकायचं त्याला थुंकता यायचं. इथे थुंकायचं तर आपल्याच लॅपटॉपवर!

शेवटी चौकशीची तारीख मिळाली. तीही पडद्यावरच. विद्यार्थिनीने एकटीने बसायचं, कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीत दुसरं कोणी नको. प्रशिक्षणाच्या नावांची यादी शुक्रवारी बंद होणार होती आणि चौकशी त्याआधीच्या सोमवारी. त्यामुळे वेळ होता, पण फार नव्हता. डॉक्टरबाईंनी सांगितलं, शुक्रवारी दुपारपर्यंत निकालाचा कागद आण, बाकी मी बघते.

सोमवारी तिने दवाखान्यातून रजा घेतली. केस नीट बांधले, गळाबंद शर्ट घातला, अगदी वरच्या बटणापर्यंत. का घातला ते मला विचारायची हिंमत झाली नाही. मी दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही. दाराला कान लावून पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसले. फटीतून तिची पाठ दिसत होती आणि पलीकडे पडदा.

पडद्यावर तीन चौकोन. एकात अध्यक्षबाई, एकात परीक्षा विभागाचे साहेब, आणि तिसरा नुसता काळा. तिसऱ्याने कॅमेरा बंदच ठेवला होता. म्हणजे हिने चेहरा दाखवायचा, कान दाखवायचे, पलंगाखाली दाखवायचं, आणि हिचा न्याय करणारा मात्र अंधारात बसणार. माझं पित्त तिथेच खवळलं.

साहेब म्हणाले, "आम्ही काही चित्रफिती बघणार आहोत." आणि लावल्या. मला दाराच्या फटीतून दिसल्या. मानेमागे गेलेला हात. मग वाकून टेबलाखाली गेलेला हात, घोट्याकडे. मग कॉलरमधून आत, गळ्याच्या हाडाशी आणि तिथून खाली खाली, बरगडीमागून बरगडी. आणि मग शर्टाच्या खालून आत, छातीच्या खाली, शेवटच्या बरगड्यांवर. तीही मोठी करून, थांबवून, परत मागे नेऊन. माझी सून आपल्याच खोलीत, आपल्याच अंगाला हात लावतेय, आणि तीन परकी माणसं ते पुन्हा पुन्हा बघतायत. तिचे कान मागून लालबुंद झालेले मला दिसले.

काळ्या चौकोनातून आवाज आला. पुरुषाचा. "इथे आत हात घालून तुम्ही नेमकं काय काढत होतात?"

"काही काढत नव्हते सर. बरगड्या मोजत होते."

"बरगड्या?"

"प्रश्न होता, यकृत कुठल्या बरगड्यांच्या मागे असतं. मी हात लावल्याशिवाय मला नाही आठवत. मी तसंच शिकले आहे. तुम्ही आत्ता मला विचारा ना, कुठलाही प्रश्न विचारा, मी सांगते."

अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि आवाज गोड बरं का, अगदी साखरेत घोळलेला, "ही बैठक आपल्या ज्ञानाबद्दल नाही. वर्तनाबद्दल आहे."

"पण मॅडम, माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. कपड्यात काही नव्हतं."

काळा चौकोन म्हणाला, "ते आम्हाला कसं कळणार? कपड्याच्या आत तर कॅमेरा नाही."

आणि तो हसला. हळूच, पण हसला.

मी कधी उठले ते मलाच आठवत नाही. दार भिंतीवर आपटलं. मी सुनेच्या शेजारी जाऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. गाऊनची बाही वर करून माझा हडकुळा हात त्या डोळ्यात खुपसला आणि म्हटलं, "हे बघा! हे साहित्य! यावर शिकली ती. हे मी वर्षभर तिला दिलंय. आणि तू रे काळ्या चौकोना, आधी थोबाड दाखव. पोरीच्या कपड्यांत काय आहे ते विचारतोस आणि स्वतः तोंड लपवून बसतोस? लाज नाही वाटत?"

मी आणखीही बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही.

साहेब म्हणाले, "खोलीत त्रयस्थ व्यक्ती आहे." अध्यक्षबाई म्हणाल्या, "बैठक इथेच थांबवत आहोत." आणि तिन्ही चौकोन गेले. पडद्यावर फक्त आम्ही दोघी राहिलो, मी बाही वर केलेली आणि ती माझ्याकडे न बघता समोर बघणारी.

"आई," ती म्हणाली, "हे काय केलंत?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, अगं तो काय बोलला ते ऐकलंस ना? ती म्हणाली, ऐकलं. मी ऐकून घेत होते. मला ऐकून घ्यायचं होतं.

बुधवारी मेल आली. बैठकीत नियमभंग झाल्यामुळे प्रकरण पुढच्या सत्रात वरिष्ठ समितीकडे जाईल. मात्र विद्यार्थिनीने खालील कबुली दिल्यास प्रकरण इथेच मिटवून, ताकीद देऊन, निकाल तात्काळ देण्यात येईल. आणि कबुलीचं वाक्य तयारच होतं, आपण फक्त चौकोनात खूण करायची आणि नाव टाइप करायचं. "परीक्षेच्या वेळी मी अनधिकृत साहित्याचा वापर केला, हे मला मान्य आहे."

चिरंजीव म्हणाले, करून टाक. कोण बघतंय? एक खूण तर करायची आहे.

मी म्हटलं, "खबरदार! मेले तरी करू देणार नाही. न केलेल्या चोरीची कबुली? आपण वरती जाऊ. वकील बघू. मी पेपरात लिहीन. त्यांची अब्रू वेशीवर टांगीन. आज वाकलीस तर जन्मभर वाकायला लावतील."

तिने माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं. मग लॅपटॉपवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, राग तुमचा आहे. वर्ष माझं आहे."

मला सगळ्यांचा राग आला. त्या बाईचा, साहेबांचा, काळ्या चौकोनाचा, पोराचा, आणि तिचाही. आणि सगळ्यात जास्त याचा, की ती बरोबर बोलत होती. माझी पेन्शन घरबसल्या येते. मला कुठलीही जागा मिळवायची नाही. मी खुशाल ताठ मानेने बसू शकते. पुढच्या वर्षीही काउंटरवर बसून लोकांची नावं पुकारावी लागली असती तिला.

मी स्वयंपाकघरात गेले. भांडी धुतलेलीच होती, ती परत धुतली. बाहेरून की-बोर्डचे चारदोन आवाज आले आणि मग काही नाही. तिने कबुली दिली होती.

निकाल लगेच आला. तात्काळ म्हणजे खरंच तात्काळ, चहा उकळायच्या आत. एवढ्या लवकर देता येत होता तर मेल्यांनी इतके दिवस पोरीचा जीव टांगून का ठेवला? गुण बघून तर माझे डोळे विस्फारले. जवळजवळ पैकीच्या पैकी. खाली बारीक अक्षरात ताकीद. तिने कागद छापून घेतला आणि शुक्रवारी डॉक्टरबाईंना नेऊन दिला. डॉक्टरबाईंनी गुण बघून पाठ थोपटली, खालची ओळ वाचली आणि काही विचारलं नाही. जागा पक्की झाली.

त्यानंतर माझ्या अंगाची शाळा भरली नाही. मला वाटलं, परीक्षा झाली म्हणून भरत नसेल. मी एकदोनदा आपणहून पाठ करून बसले, "हा मणका जरा दुखतोय गं, बघ तरी," म्हणून. तिने मलम आणून दिलं. बोलणं-चालणं सगळं नीट होतं. चिडली म्हणावं तर तसंही नाही. जेवताना हसायची, दवाखान्यातल्या गमती सांगायची. मी मनाला समजावलं, की झालं गेलं, मिळालं ना हवं ते.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस उजाडला. हे काही ऑनलाइन नव्हतं. खरी इमारत, खरा वर्ग, खऱ्या बाई. मी तिला डबा करून दिला आणि दारापर्यंत पोचवायला गेले. दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. संध्याकाळी ती परतली, चपला काढल्या आणि तशीच टेबलापाशी खुर्चीवर बसली. मी पाणी दिलं. म्हटलं, "बोल की बाई, काय काय झालं?"

"चांगलं झालं," ती म्हणाली. "बाई छान आहेत. पहिल्याच तासाला म्हणाल्या, वह्या-पुस्तकं मिटा. हाडं पुस्तकात नसतात, तुमच्यात असतात. आपापल्या गळ्याच्या हाडाला हात लावा आणि तिथून खांद्यापर्यंत जा."

"मग! तू तर सगळ्यांच्या पुढे असशील!" मी म्हटलं.

ती पेल्याकडे बघत राहिली. "सगळ्यांनी लावला. सगळा वर्ग आपापल्या गळ्याला हात लावून बसला होता. माझे हात टेबलावरच राहिले. मी उचलायला गेले, पण उचललेच जाईनात. बाई जवळ आल्या, म्हणाल्या, लाजतेस का? मी हो म्हटलं."

मला बोंब मारावीशी वाटली. पण कोणाच्या नावाने? समोर खिडकी नाही, काच नाही, चेहरा नाही. पंधरा-वीस माणसांचा राग माझ्या घशाशी आलेला आणि खोलीत आम्ही दोघीच. ज्यांनी हे केलं, त्यांना तर पत्ताही नसेल. त्यांच्या लेखी प्रकरण मिटलेलं.

मी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले आणि तिचे टेबलावर पसरलेले दोन्ही हात खसकन ओढून घेतले. "इकडे आण," मी ओरडले. हो, ओरडलेच. "हात लाव म्हणते ना! हे माझं हाड आहे, माझ्या घरात आहे, आणि मी सांगतेय. सांग याचं नाव. लाव हात!" आणि तिची बोटं माझ्या गळ्याशी नेऊन धरली. ती थंडगार होती. मी सोडली नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून शिव्या.

बऱ्याच वेळाने तिची बोटं जराशी हलली. पण त्याआधी तिने मान वर करून खोलीचे चारही कोपरे नीट बघून घेतले, कुठे कॅमेरा आहे का.